विगिन सर पडायला शिकतात

विगिन सरांनी फक्त गोठा द्यायचं कबूल केलं होतं, एवढं आधी लक्षात ठेवा. पुढे जे घडलं त्यावरून टॉलिव्हर गावात नाही नाही ते बोललं गेलं. कुणी म्हणालं, लॅटिन अंगात मुरलं की माणसाचं असंच होतं. कुणी म्हणालं, निदान ड्रुसिलाबाईंनी तरी नवऱ्याला आवरायला हवं होतं. पण मूळ गोष्ट एवढीच, की अठराशे सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात एका दुपारी कॉलेजच्या रस्सीखेच संघाचा कप्तान एसा किट्रिज टोपी हातात धरून त्यांच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुमचा गोठा मिळेल का?"

आता लॅटिनच्या प्राध्यापकाकडे मुलं पुष्कळ काही मागायला येतात. मुख्यतः दया. गोठा आजवर कुणी मागितला नव्हता. सर इतके गांगरले की हो म्हणून बसले.

मुलांचाही दोष नव्हता. कॉलेजची व्यायामशाळा नवीकोरी होती आणि तिची लाकडी जमीन विश्वस्तांना पोटच्या पोरापेक्षा प्यारी होती. तिथे खिळा मारायचा नाही, बूट घालून चालायचं नाही आणि जमल्यास व्यायामही करायचा नाही, असा एकंदर दंडक होता. रस्सीखेचेला तर फळी ठोकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नंतरची पोरं गवतावर उभी राहून दोरी ओढू लागली, ती रस्सीखेच वेगळी. त्या काळी एका बाजूला चारच गडी. लांब फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या; त्यांना पाय टेकून दोरी धरायची. पिस्तुलाचा बार झाला की चौघांनी एकदम मागे आडवं पडायचं. पडता पडता दोरी वीतभर तरी आपल्याकडे येते. ती मग पाच मिनिटं दातओठ खात तशीच धरून ठेवायची, जमलं तर आणखी बोटबोट खेचायची. सगळ्यात मागचा गडी तो खुंटा. त्याच्या कमरेला जाड चामड्याचा पट्टा आणि पट्ट्यावरून दोरीचा वेढा. खुंटा हलला की खेळ आटोपला.

म्हणजे निम्मा सामना कोण आधी पडतो यावरच ठरायचा. टॉलिव्हर कॉलेज दरवर्षी ब्रॅडिश कॉलेजकडून मार खात होतं, ते ताकदीला कमी म्हणून नव्हे. टॉलिव्हरची मुलं सभ्य घरची. बार झाला की आधी इकडे तिकडे बघायची, मग पडायची.

"आमचं पडणं सुधारायला पाहिजे, सर," एसा म्हणाला.

"आणि लॅटिन?"

"ते मागाहून सुधारू."

गोठ्यात सरांची गाय होती, डेलाइला नावाची. तिला एका कोपऱ्यात सरकवून फळी ठोकली गेली. समोर ओढायला दुसरा संघ कुठून आणणार? म्हणून दोरीचं दुसरं टोक गोठ्याच्या मधल्या खांबाला बांधायचं ठरलं. हे कुंपणावरून शेजारचे कॅप्टन प्युरिंटन बघत होते. कॅप्टनसाहेब उत्तर-दक्षिणेच्या मोठ्या लढाईत खेचरांच्या तांड्यावर होते. त्यामुळे ओढाओढीतलं आपल्याला कोण शिकवणार, अशी त्यांची ठाम समजूत होती.

"विगिन, खांब जुना आहे," ते म्हणाले.

"माझ्या आजेसासऱ्यांनी स्वतः रोवलाय, कॅप्टन."

"तेच म्हणतोय मी."

सरांना राग आला. आजेसासऱ्यांबद्दल त्यांना स्वतःलाही फारसं प्रेम नव्हतं, पण शेजाऱ्यानं बोलावं हे काही बरं नाही. त्यांनी खांबाला टेकून उभं राहून दाखवलं. खांब भक्कम होता. तिसऱ्या दिवशी चार मुलांनी एकदम अंग टाकलं तेव्हा तो मुळासकट कलला, वरचा माळा एका बाजूनं खाली आला आणि माळ्यावरचं हिवाळ्याचं सगळं गवत मुलांच्या, गायीच्या आणि कौतुकानं बघायला आलेल्या सरांच्या अंगावर कोसळलं. सरांना शोधून काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण ते हाक मारत होते लॅटिनमधून.

"मी बोललो होतो," कॅप्टन म्हणाले. हे वाक्य ज्या शेजाऱ्याला नोव्हेंबरातच म्हणायला मिळतं, त्याचा सबंध हिवाळा सुखात जातो.

नवा ओकचा खांब आला. सुतार म्हणाला, आता खांब नवा तर तुळई जुनी शोभत नाही. मग तुळई आली. डेलाइलानं या सगळ्याचा धसका घेऊन दूध आटवलं. तेव्हा दूध कॅप्टनसाहेबांकडून येऊ लागलं आणि दुधाबरोबर रोज सकाळी तांब्याभर सल्लाही येऊ लागला.

मग पिस्तुलाचा प्रश्न निघाला. बाराशिवाय पडण्याची तालीम कशी करणार? पिस्तूल कॅप्टनसाहेबांकडे होतं आणि ते चालवायची त्यांची फार तयारी होती. पण गावाच्या हद्दीत बार काढायचा तर परवानगी लागते. सर ग्रामसमितीच्या कचेरीत गेले. तिथे मिस्टर स्नेल नावाचे कारकून होते. त्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं आणि काही दिलंही नव्हतं.

"देऊ की परवानगी," स्नेल म्हणाले. "कारण काय लिहू?"

"रस्सीखेच."

"ते नियमात बसत नाही, प्रोफेसर. तीन कारणं आहेत. स्वातंत्र्यदिन, माजी सैनिकाचा दफनविधी आणि पिसाळलेला कुत्रा."

"स्वातंत्र्यदिन जुलैत आहे."

"हो ना. मग कुत्रा बघा."

"आमच्याकडे कुत्रा नाही."

"सैनिक आहे ना शेजारी?" स्नेल मदत करायच्या सुरात म्हणाले. "कॅप्टन प्युरिंटन. त्यांचं कसं काय, तब्येत वगैरे?"

सर घरी आले आणि त्यांनी कॅप्टनसाहेबांना फक्त इतकंच सांगितलं की परवानगी सध्या अडली आहे. कशावर अडली आहे ते सांगितलं नाही.

शेवटी तोड काढली ती ड्रुसिलाबाईंनी. त्या स्वयंपाकघरातून बिडाचा मोठा तवा घेऊन आल्या आणि गोठ्याच्या दारात उभं राहून त्यांनी त्यावर चुलीची सळई अशी काही हाणली की कोपऱ्यातली डेलाइला खाली बसली.

"चालेल का हा आवाज?" त्यांनी विचारलं.

चौघंही आडवे होते. चालेल म्हणाले.

इथपर्यंत सगळं सरळ होतं, म्हणजे त्या मानानं सरळ. डिसेंबर सरता सरता संघाच्या खुंट्याला, बार्नाबस क्रौलला, गालगुंड झालं. बार्नाबस म्हणजे बैलासारखा गडी. पण गालगुंडापुढे बैलाचं काय चालतं? त्याला खोलीत कोंडलं आणि इकडे तिघांना तालमीला मागे वजन उरेना. एसानं दोरीला धान्याचं पोतं बांधून पाहिलं. पोतं फुटलं.

"सर," एसा अगदी हळू म्हणाला, "तुम्ही जरा बसाल का? तालमीपुरतं."

सरांचं वजन किती होतं ते इथं सांगत नाही. ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. टॉलिव्हरमधल्या डाकगाडीत ते चढले की उतारू आपोआप दुसऱ्या बाजूला सरकून बसत. या वजनामुळे त्यांनी उभ्या जन्मात पुष्कळ ऐकून घेतलं होतं. शाळेत, मग कॉलेजात, चेंडूफळी सुरू झाली की दोन कप्तान समोरासमोर उभे राहायचे आणि एकेक गडी मागून घ्यायचे. हा तुझा, तो माझा. लहानगा थिओफिलस विगिन दरवेळी ताठ उभा राहायचा, पोट आत ओढायचा, आणि दरवेळी उरायचा. उरला की दोन्ही कप्तान एकमेकांकडे बघायचे आणि एक जण म्हणायचा, "तू असं कर, कोट सांभाळ." त्यानं वर्षानुवर्षं कोट सांभाळले. फार चांगले सांभाळले. पण कधी कुणी त्याचा कोट सांभाळला नाही. एखादी साधी गोष्ट माणसाला मिळत नाही आणि मग ती मागायचंही वय निघून जातं, तसं झालं होतं. त्रेचाळीस वर्षांचा लॅटिनचा प्राध्यापक कुणाला कसा म्हणणार, की मला एकदा खेळायला घ्या?

म्हणून एसानं "बसाल का" म्हटल्यावर सरांनी घसा खाकरला, तालमीपुरतं असेल तर हरकत नाही असं म्हटलं, आणि चष्मा खिशात ठेवला. पट्टा कमरेला पुरेना. खोगीरवाल्यानं त्याला वीतभर जोड दिला आणि त्याबद्दल गावभर सांगितलं. पण तवा वाजला, सर मागे बसले, आणि दोरी जी आली ती आजवर कधी आली नव्हती तशी आली. ओकचा खांब करकरला. एसानं पडल्या पडल्या मान वळवून मागे पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

आठवड्याभरानं ठरलं की बार्नाबस बरा होईतो सरांचंच नाव संघात द्यायचं. त्यात नियमभंग काही नव्हता. त्या काळी एखादा तरणा प्राध्यापक मुलांबरोबर मैदानात उतरायचा, आणि प्राध्यापकाला वयाची नि घेराची अट घालावी असं नियम करणाऱ्यांना सुचलंच नव्हतं.

नाव गेलं म्हटल्यावर पथ्य आलं. कच्चं राहिलेलं गोमांस, शिळा पाव, आणि पाणी जवळजवळ नाहीच. पाण्यानं स्नायू सैल होतात असं तेव्हा सगळे विद्वान मानत. ड्रुसिलाबाई भट्टीत भाजायच्या त्या भोपळ्याच्या गोड पायवर सरांचा संसार उभा होता, तो पाय बंद झाला.

"अहो, हे मांस हंबरतंय," ड्रुसिलाबाई ताट पुढे करत म्हणायच्या.

"कप्तानाचा हुकूम आहे."

"कोण कप्तान? तो किट्रिजांचा एसा? ज्याला तुम्ही गेल्या सत्रात दगड म्हणालात?"

"अगं, ते वर्गात."

आणि खरी भानगड पुढेच आहे. रोज संध्याकाळी तवा वाजायचा आणि रोज संध्याकाळी चौघं पडायचे. पडून पडून पडणं अंगात शिरलं. डोक्याला विचारायची गरजच उरली नाही. कानात खणखणाट गेला की अंग मागे. जानेवारीत एकदा ड्रुसिलाबाईंच्या हातून झाकण सटकलं आणि सर जेवणाच्या खुर्चीसकट उताणे झाले. लोहाराच्या दुकानासमोरून जाताना एसा आणि दुसरा एक गडी बर्फात झोपले. सरांनी तो रस्ताच सोडला. बाई म्हणाल्या, "हे काही लक्षण ठीक नाही." सर म्हणाले, "हे लक्षण उत्तम आहे, ब्रॅडिशला विचार."

आता प्राचार्य लूमिस यांच्याविषयी. डॉक्टर हेझेकाया लूमिस हे धर्मोपदेशक, वयोवृद्ध, अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांची एकच इच्छा होती. आसपासच्या कॉलेजांत हिवाळ्याच्या प्रार्थनांमध्ये मधूनच जागृती व्हायची; म्हणजे एखाद्याच्या काळजाला देवाचं बोलणं असं भिडायचं की तो उभ्याउभ्या कोसळायचा, मग दुसरा, मग तिसरा, आणि महिनाभर सगळं कॉलेज रडत नि गात राहायचं. टॉलिव्हरमध्ये हे कधी झालं नव्हतं. प्राचार्य वर्षानुवर्षं दर हिवाळ्यात त्यासाठी कळवळून प्रार्थना करत, आणि मुलं खाली बूट मोजत बसत.

जानेवारीतल्याच एका सोमवारी सकाळच्या प्रार्थनेला सगळं कॉलेज चॅपलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनागृहात, जमलं होतं. व्यासपीठावर प्राध्यापक ओळीनं बसलेले, विगिन सर टोकाला. तिघं गडी बाकांवर तीन ठिकाणी. प्राचार्यांचा आवाज त्या दिवशी फारच भरून आला होता. डोळे मिटून, दोन्ही हात वर करून ते म्हणाले, "प्रभो, या तरुणांच्या हृदयावर तू प्रहार कर." आणि नेमकं तेव्हाच मागच्या बाजूला शेगडीत कोळसा घालणाऱ्या शिपायाच्या हातून शेगडीचं बिडाचं झाकण फरशीवर पडलं.

विगिन सर खुर्चीसकट मागे गेले. त्यांचे दोन्ही पाय सगळ्या कॉलेजनं पाहिले; मोजे वेगवेगळ्या रंगांचे होते. त्याच क्षणी पुढच्या बाकावरून एसा, मधल्यातून दुसरा आणि मागून तिसरा असे दिसेनासे झाले. प्राचार्यांनी डोळे उघडले. आधी त्यांनी बाकांकडे पाहिलं, मग मागे वळून जमिनीवर पडलेल्या लॅटिनकडे पाहिलं, आणि त्यांच्या गालांवरून आसवं वाहू लागली.

"विगिन," ते गुडघे टेकून सरांचा हात हातात घेत म्हणाले, "तुमच्यापासून सुरुवात होईल असं मला वाटलं नव्हतं."

सरांनी उठायचा प्रयत्न केला. प्राचार्यांनी उठू दिलं नाही. वर्गांना सुट्टी झाली. दोन-तीन भाविक मुलं हे बघून खरोखरच रडायला लागली. एकानं तर तंबाखू सोडल्याचं जाहीर केलं. गणिताचे प्राध्यापक मागे राहायला नको म्हणून डोळे पुसू लागले. दुपारपर्यंत गावात बातमी गेली आणि कॅप्टन प्युरिंटन दुधाबरोबर येऊन, टोपी काढून, दारातच म्हणाले, "विगिन, मी खांबाबद्दल बोललो त्याची माफी असावी."

सरांची अवस्था काय सांगावी. गप्प बसावं तर देवाच्या दारात खोटेपणा. बोलावं तर म्हाताऱ्या माणसाचं इतक्या वर्षांचं मागणं आपल्या हातानं मोडायचं. शिवाय खरं कळलं तर प्राचार्य रस्सीखेच कायमची बंद करतील, ही भीती होतीच. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी संघात घेतलं आणि तेही असं हातचं जाणार. सरांनी ताटातलं मांसही तसंच ठेवलं. बाई म्हणाल्या, "जा. आत्ताच जा. उद्या ते तुमच्यावर प्रवचन करतील."

सर गेले. प्राचार्य अभ्यासिकेत प्रवचनच लिहीत होते. सरांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तवा, गोठा, पिस्तूल, स्नेल, सगळं. प्राचार्यांनी लेखणी खाली ठेवली.

"म्हणजे देवाचा त्यात काही हात नव्हता," ते म्हणाले.

"झाकण शिपायाच्या हातून पडलं, सर."

"मी इतकी वर्षं बोलतोय, विगिन. एकही मुलगा कधी हलला नाही. आणि तुमची बायको तव्यावर सळई मारते आणि चौघं आडवे होतात."

सर खाली मान घालून उभे राहिले. मनातल्या मनात त्यांनी पट्टा सोडून ठेवला होता.

"सामना कधी आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

"फेब्रुवारीत. ब्रॅडिशला."

"मी येतो. माणसं कशासाठी पडतात ते मला एकदा बघायचं आहे." मग ते कागदाकडे बघून म्हणाले, "तंबाखूवाल्या मुलाला मात्र काही सांगू नका."

इतकं निभावलं, आणि मग बार्नाबसचे गाल उतरले.

सामन्याला आठवडा असताना तो गोठ्यात आला, पहिल्यासारखाच बैल, आणि दाराशी उभा राहून तालीम बघत राहिला. कराराप्रमाणे जागा बार्नाबसची होती. तालमीपुरतं, बरा होईतो, हे शब्द सरांना चांगले पाठ होते. रोज तालमीला जाताना त्यांना वाटायचं, आज एसा सांगणार. रोज घरी येताना वाटायचं, उद्या सांगेल. "तुम्हीच विचारून टाका की," बाई म्हणाल्या. "विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल," सर म्हणाले. हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की बाईंनी त्या दिवशी कप्तानाचा हुकूम मोडून त्यांना पायचा एक तुकडा दिला, आणि सरांनी तो खाल्ला.

ब्रॅडिशची व्यायामशाळा माणसांनी फुलून गेली होती. गॅसचे दिवे, धूर, रिबिनी लावलेल्या मुली, आणि सज्जात त्यांचा बँड. प्राचार्य लूमिस पहिल्या बाकावर छत्री घेऊन बसले, शेजारी ड्रुसिलाबाई. बाकाच्या टोकाला बार्नाबस, खेळाच्या पोशाखात. सर खुंट्याच्या जागी उभे राहिले तेव्हा सज्जातून कुणीतरी ओरडलं, "टॉलिव्हरनं खुंटा आणलाय की सबंध गोठा?" आणि हशा पिकला. तो थांबेपर्यंत सर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

पंचानं पिस्तूल वर केलं. आधीची धावण्याची शर्यत जिंकलेल्याला बक्षीस नेमकं तेव्हाच दिलं जात होतं, म्हणून बँडवाल्यानं सलामी दिली आणि झांजा हाणल्या.

टॉलिव्हरचे चौघं धाडकन आडवे पडले. ब्रॅडिशचे चौघं उभे, दोरी हातात, तोंडं उघडी. पंचानं पिस्तुलाकडे पाहिलं, ते उडालेलं नव्हतं.

मग जो हशा झाला तो सरांनी पुढे कधी कुणाला वर्णन करून सांगितला नाही. पंच म्हणाला, एक ताकीद. पुन्हा असं झालं तर सामना गेला. गडी बदलायचा असेल तर आत्ताच बदला. बार्नाबस बाकावरून उठून उभा राहिला होता.

सर उठून बसले. सगळं अंग घामानं भिजलेलं, टक्कल दिव्यात चमकत होतं. एसा बार्नाबसकडे बघत होता. मग त्यानं सरांकडे पाहिलं. ही नजर सरांना ठाऊक होती. उरलेल्याकडे बघायची नजर. मुलाला बोलायला लावू नये म्हणून त्यांनी स्वतःच पट्ट्याच्या बकलाला हात घातला. बकल निघेना. खोगीरवाल्यानं फारच घट्ट शिवलं होतं.

"काय करताय, सर?" एसा म्हणाला.

"बार्नाबस आलाय ना. योग्य तेच... त्याचीच जागा आहे ती."

"आलाय तर बसू दे की," एसा म्हणाला. "गालगुंडातून उठलाय बिचारा. पट्टा लावा, सर. आमचा खुंटा तुम्ही आहात."

बाकीचे दोघं वळलेसुद्धा नाहीत. ते हाताला राळ चोळत होते, जणू यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. बार्नाबस खाली बसला आणि म्हणाला, "सर, डावी टाच जरा आत घ्या."

आता बार झाला तेव्हा चौघं ताकीद आठवून पळभर थबकले, आणि तेवढ्यात ब्रॅडिशवाले पडले होते. दोरीच्या मध्यावर बांधलेली फीत वीतभर पलीकडे गेली. एवढी खटपट करून शेवटी पडायला पुन्हा उशीरच झाला, हे मान्य करायला हवं. पण यानंतर ती फीत पलीकडे हलली नाही. सर फळीत रुतले होते. ब्रॅडिशनं हिसके दिले, खुंटा हलला नाही. मग एसा दाताखालून म्हणाला, "आता, सर," आणि चौघांनी एकदम पाठ टाकली. फीत बोटभर अलीकडे आली. पुन्हा. आणखी बोटभर. सरांच्या शर्टाची शिवण पाठीवरून उसवत गेली तो आवाज सज्जापर्यंत ऐकू गेला, आणि कुणी हसलं नाही. प्राचार्य लूमिस बाकावर चढले होते. टोपी मागे पडलेली, छत्री हवेत. "विगिन, धर," ते ओरडत होते, "धर रे, सोडू नकोस," आणि चॅपलमध्ये त्यांचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता. ड्रुसिलाबाईंनी त्यांचा कोट धरून ठेवला होता, म्हणून ते पडले नाहीत.

वेळ संपल्याचा बार झाला. फीत दोन बोटं पलीकडेच होती.

सर दोरी सोडेनात. एसानं मागे येऊन त्यांची बोटं एकेक करून उकलली.

"हरलो का रे?" सरांनी विचारलं.

"हरलो, सर," एसा म्हणाला. "आपण दोन बोटांनी हरलो."

सरांनी मान डोलावली. यातलं त्यांना हरलो कमी आणि आपण जास्त ऐकू आलं असावं, कारण ते रडत होते आणि चेहरा दुःखी नव्हता. ब्रॅडिशचा खुंटा येऊन हात मिळवून गेला. घरी जाताना एका थांब्यावर प्राचार्य अचानक म्हणाले, "झांजेचा नियम बदलायला हवा." दर हिवाळ्यात ते प्रार्थना करत राहिले, आणि मुलं थोडी अधिक लक्ष देऊन ऐकू लागली, कारण म्हातारा बाकावर चढतो हे आता सगळ्यांना माहीत होतं.

ते दिवस गेले. फळीवरची रस्सीखेच काही वर्षांतच कॉलेजांतून बंद झाली. डॉक्टर म्हणाले, मुलांच्या छातीला बरी नव्हे. एसा किट्रिज पश्चिमेकडे गेला. बार्नाबस दगावला, गालगुंडानं नव्हे. आता ते नुसतं पडणं, पाच मिनिटं दोरी धरून राहणं, त्यासाठी महिनाभर शिळा पाव खाणं, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण त्या मार्चमध्ये रिवाजाप्रमाणे संघाचं छायाचित्र काढायला चौघं गावातल्या छायाचित्रकाराकडे गेले होते, तेवढं सांगायचं राहिलं.

छायाचित्रकारानं मागे डोंगराचा पडदा लावला होता आणि मधोमध मखमलीची खुर्ची मांडली होती. संघाबरोबर प्राध्यापक आले की ते खुर्चीत बसायचे, मुलं भोवती उभी राहायची, सगळीकडे तशीच पद्धत. त्यानं सरांसाठी खुर्चीवरची धूळ झटकली. सर खुर्चीला वळसा घालून गेले आणि पार टोकाला, दोरीच्या शेवटी, जमिनीवर जाऊन बसले. कोट काढून पट्टा लावला, पाय पुढे ताणले.

"प्रोफेसर," छायाचित्रकार म्हणाला, "तुमची जागा इथे आहे. तिथे बसलात तर या मुलांतले कोण नि तुम्ही कोण, बघणाऱ्याला कसं कळणार?"

"नाही कळलं तर फार बरं होईल," विगिन सर म्हणाले, आणि त्यांनी दोरी हातात घेतली.